तिरंग्याच्या रंगांचा अर्थ: फलक रंगवायच्या आधी हे वाचा

शाळेच्या व्हरांड्यात तिरंग्याची माहिती लावायचीय आणि रंगांचे अर्थ जिथे बघावं तिथे वेगळेच, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझाच जुना घोळ आठवला.

मी फॉरवर्डमधून आलेलं "केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्यांचा" असं शाळेत ऑइलपेंटनं मोठ्ठं रंगवून घेतलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चौथीतली एक मुलगी बोट लावून वाचत होती, तिनं विचारलं, आम्ही बाकीच्यांत का? मला उत्तर देता येईना. रात्री बसून सगळं खरवडलं, पेंटरचे पैसे दुसऱ्यांदा दिले.

तो अर्थ खोटा नाहीये, जुना आहे. १९२१ ला बेझवाड्यात (आजचं विजयवाडा) झेंड्याचा आराखडा करणाऱ्या पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना दाखवलेला झेंडा लाल-हिरवा होता, तेव्हा रंग धर्मांवरून होते, पांढरा पट्टा गांधीजींनी इतरांसाठी घालायला लावला. पण १९३१ ला काँग्रेसनं लालच्या जागी केशरी आणला आणि रंगांना धार्मिक अर्थ नाही हे ठरावातच स्पष्ट केलं. आजचा झेंडा संविधान सभेनं २२ जुलै १९४७ ला स्वीकारला, तेव्हा सभेचे सदस्य, पुढे राष्ट्रपती झालेले राधाकृष्णन यांनी सांगितलेला अर्थ माझ्या मते फलकावर हवा: केशरी त्यागाचा, पांढरा प्रकाशाचा, सत्याच्या वाटेचा, हिरवा मातीशी असलेल्या नात्याचा, चक्र धर्माचं आणि गतीचं. आधीच्या झेंड्यावरचा चरखा काढून चक्र का, तेही लिहा, मुलांना आवडतं. चरखा मागून पाहिला की उलटा दिसतो, चक्र दोन्ही बाजूंनी सारखं. नेहरूंनी त्या दिवशी हे कारणही दिलं होतं.

हे सगळं आधी कळावं म्हणून मी एका सरकारी कार्यालयात प्रमाणित मजकूर मागायला गेलो होतो. तीन दिवस या टेबलावरून त्या टेबलावर, पत्र आणा, आवक शिक्का घ्या, साहेब मीटिंगला गेलेत, आणि शेवटी "नेटवर बघा ना". झेंड्याबद्दल दोन ओळी सांगायला कुणाला वेळ नाही याचा अजून राग येतो.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही, तेव्हा संविधान सभेच्या कामकाजातली त्या दिवसाची भाषणं स्वतः वाचा, ऑनलाइन आहेत. आणि पुण्यात आलात तर क्रांतिकारक मादाम कामांनी १९०७ ला जर्मनीत स्टुटगार्टला फडकवलेला झेंडा केसरीवाड्यात आहे, मुलांना जरूर दाखवा. अजून एक, शाळेतला झेंडा फाटला असेल तर शिवून परत लावू नका, ध्वजसंहितेप्रमाणे तो खाजगीत, पूर्णपणे, शक्यतो जाळून नष्ट करायचा असतो.