उन्हाळी लागणे आणि ऊन लागणे

गोव्यातल्या साखळी गावच्या एका वाचकांचा प्रश्न: ‘बातमीत वाचलं, दुपारच्या मिरवणुकीत चौघांना उन्हाळी लागून चक्कर आली. आमची आजी तर लघवीला जळजळ झाली की उन्हाळी म्हणते. बरोबर कोण? आणि आजीचं धण्याचं पाणी पुरतं का?’

आजी बरोबर. चक्कर येते ती ऊन लागल्यावर. उन्हाळी लागलेला माणूस घटकेघटकेला मोरीकडे धावतो, चार थेंबांसाठी दातओठ खातो. दर एप्रिलात हा घोळ वाचून माझंच डोकं तापतं.

आता शब्द. बहुतेक जण उन्हाळीला उन्हाळ्याची लेक समजतात. माझे एक कोशप्रेमी स्नेही तर ‘उष्णकाल’वरून ऋतू आणि ऋतूवरून रोग अशी वंशावळच मांडतात. मग हिवाळ्यात सर्दी झाली की ‘हिवाळी लागली’ का म्हणत नाहीत? आणि ही जळजळ ऐन श्रावणातही होते, तेव्हा काय करायचं?

माझं बोट दुसरीकडे आहे. राजापूरजवळ उन्हाळे नावाचं गाव आहे, तिथे गरम पाण्याचा झरा. दापोलीकडचं उन्हवरेही तसंच. कोकणात उन्हाळे म्हणजे मुळात कढत पाण्याचा झराच. त्या उन्हाळ्याचं धाकटं रूप ते उन्हाळी! देहातून कढत धार निघते, तिला झऱ्याचं नाव. याहून नेमकं रोगनाम मला तरी माहीत नाही. स्नेही हसतात, हसोत.

गोव्यात तर ऋतूचा आधारही सुटतो, कारण कोंकणीत उन्हाळा म्हणजे गीम. ग्रीष्म, प्राकृतात गिम्ह, मग गीम. उलट ‘उष्ण’चं प्राकृतात झालं उण्ह, मराठीत त्याचं ऊन राहिलं, कोंकणीत ‘ह’ उडी मारून पुढे आला आणि हून झालं. न्हाणीतल्या भाणातून वाफ निघाली की माझी आजी हाक मारायची, ‘उदक हून जालां!’ ऊन पाणी आणि हून उदक, एकाच उण्हाची दोन लेकरं.

हां, धण्याचं पाणी. पाणी कमी पडून लघवी गडद आणि दाट झाली असेल, तर भरपूर पाणी, शहाळं, धण्याचं पाणी यांनी आराम पडतो. पण बऱ्याचदा कारण असतं जंतुसंसर्ग, तोही बायकांमध्ये जास्त, कारण त्यांचा मूत्रमार्ग आखूड. मुतखडा, पुरुषांत वाढलेलं प्रोस्टेट, लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग हीही कारणं असतात. तेव्हा दोन दिवसांत उतार नसेल तर लघवी तपासा. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. थंडी वाजून ताप, कुशीत कळ, लघवीत रक्त, किंवा रुग्ण गरोदर बाई वा लहान मूल असेल, तर धणे भिजत घालत बसू नका.

आणि त्या बातमीदाराला कुणी तरी कळवा की त्याने चौघांना भर मिरवणुकीत मोरीकडे पळवलं आहे.