मला गाता येत नाही, मग बाळाला काय ऐकवू?

ऐरोलीची आई, बाळ अकरा आठवड्यांचं. सव्वा महिना माहेरी काढून ती सासरी आली. नवरा कामावर गेला की रडू कोसळायचं. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागायचा नाही. म्हणाली, "त्याला घेतलं तरी काहीच वाटत नाही. गाण्याने बरं वाटतं म्हणतात, पण मला गाता येत नाही."

बाळंतपणानंतरचं हळवेपण साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. हे त्यापुढे गेलं होतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपणाऱ्या एडिनबरा प्रश्नावलीत तिला 30 पैकी 16 गुण आले; गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. स्वतःला इजा करण्याबद्दलचा दहावा प्रश्न आम्ही आधी पाहिला. तिचं उत्तर 'कधीच नाही' होतं. तिथे 'हो' असेल तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि अंगावरचं दूध तोडावं लागलं नाही. सासूबाईंना तीच धास्ती होती.

गाणं या उपचारांच्या जोडीला. लंडनमध्ये 134 आयांवर झालेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवडे गटाने गाणाऱ्या, जास्त त्रास असलेल्या आया नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा लवकर सावरल्या. म्हणजे गायचं आईने, बाळासोबत आणि इतर आयांसोबत.

ही मात्र रात्री अकराला मोबाइलवर अंगाई लावायची. थकलेलं बाळ किंचाळायचं आणि 'मी त्याला नकोशी आहे' हे तिच्या मनात आणखी घट्ट बसायचं. वेळ बदलली: सकाळी दूध पाजून, ढेकर काढून, बाळ टक्क जागं असताना पाच मिनिटं. मांडीवर घेऊन चेहरा वीतभर अंतरावर, आवाज खालचा, एकच ओळ पुन्हा पुन्हा. बाळाने मान वळवली की थांबायचं. ते रुसलेलं नसतं, दमलेलं असतं. शब्द तिचेच: तेल, न्हाणं, धुरी, टोपडं. जात्यावर बसलेल्या बायकांनीही रोजच्या कामातूनच ओव्या रचल्या, त्यांना कुणी सूर विचारला नव्हता. व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायचा नाही, हे आम्ही घरच्यांना बजावलं. बघणारं कुणी असलं की आई लगेच परीक्षेला बसते.

बुधवारी सोसायटीतल्या आणखी तिघी जमू लागल्या. स्टीलच्या डबीत तांदूळ घालून झाकण चिकटपट्टीने पक्कं केलं की खुळखुळा तयार.

उपचारांच्या सहाव्या आठवड्यात तिचे गुण 9 वर आले. झोप अजून तुटक आहे, गोळ्या चालू आहेत. मागच्या बुधवारी तिची ओळ अर्ध्यावर थांबली तेव्हा बाळाने हुंकार दिला, आणि ती पुढे गायली.