आजोबा खरे की शाळेतला तक्ता?

प्रश्न : सर, आमचे आजोबा ठासून सांगतात की आपल्या शेजारच्या जमखिंडीचा माणूस दिल्लीत राष्ट्रपती होता. शाळेतल्या तक्त्यावर मात्र तसं नावच नाही. कुणाचं खरं मानू? (एक विद्यार्थिनी, जत)

उत्तर : दोघांचंही खरं आहे, बाळ. पण आधी माझी एक जुनी चूक कबूल करतो. मिरजेत नागरिकशास्त्र शिकवत होतो तेव्हा चाचणीत विचारलं होतं, ‘फखरुद्दीन अली अहमद यांच्यानंतर राष्ट्रपती कोण?’ एका पोरानं लिहिलं, बी. डी. जत्ती. तक्त्यात अहमद यांच्या खाली थेट नीलम संजीव रेड्डी, म्हणून मी लाल पेनानं फुली मारली.

दुसऱ्या दिवशी वडील हजर. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारा माणूस, त्याला तारखा बरोबर कळतात. म्हणाले, “सर, अहमदसाहेब वारले 11 फेब्रुवारी 1977ला. रेड्डींची शपथ 25 जुलैला. मधले साडेपाच महिने सही कुणाची चालली?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्धा गुण देऊन मी वेळ मारून नेली.

सही जत्तींचीच चालली. बसप्पा दानप्पा जत्ती हे जमखिंडी तालुक्यातल्या सावळगीचे. कायदा शिकले कोल्हापुरात. जमखिंडी म्हणजे सांगली-मिरजेसारखंच पटवर्धनांचं संस्थान, तिथे ते दिवाण होते. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि 1952 नंतर ते मोरारजीभाईंच्या हाताखाली उपमंत्री झाले. पुढे म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री, मग उपराष्ट्रपती. राष्ट्रपतींचं पद रिकामं झालं की उपराष्ट्रपती ते काम पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. निवडून आलेल्यांचाच क्रमांक लागतो, म्हणून तक्त्यात जत्ती नाहीत. अधिकार मात्र तेवढ्या काळात पुरेपूर. संविधानाचं 65वं कलम त्यात काही हातचं राखत नाही.

आणि काळ तरी कसला! 21 मार्चला अंतर्गत आणीबाणी उठली ती जत्तींच्या सहीनं. 24 मार्चला त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ दिली ती मोरारजीभाईंना, म्हणजे आपल्या जुन्या साहेबांनाच. एप्रिलात मात्र गाडी अडली. नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करा, असा सल्ला नव्या मंत्रिमंडळानं दिला आणि जत्तींनी सही लगेच केली नाही. दिल्लीत आरडाओरड झाली. अखेर 30 एप्रिलला त्यांनी सही केली. करणार काय? आधीच्याच वर्षी 42व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक करून टाकला होता. ‘एकदा फेरविचार करा’ म्हणून सल्ला परत पाठवायची सोय 44व्या दुरुस्तीनं आली, तोवर जत्ती त्या खुर्चीत नव्हते. मला विचाराल तर त्यांचं ते थांबणं मला आवडतं.

तक्त्यात न बसणारे आणखी एक आहेत. 1969 साली झाकीर हुसेन पदावर असताना वारले. काम पाहणारे व्ही. व्ही. गिरी निवडणूक लढवायला राजीनामा देऊन मोकळे झाले. मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी 20 जुलै ते 24 ऑगस्ट हे पद सांभाळलं. हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

आजोबांना माझा नमस्कार सांग. तक्त्यावर पेन्सिलीनं जत्तींचं नाव लिहायला माझी हरकत नाही, बाईंना विचारून लिही.

प्रश्न : राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमच्या आमदाराचं मत 175 मतांचं, हे खरं का? (एक वाचक, विटा)

उत्तर : खरं. 1971च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती 5,04,12,235. तिला 288 आमदारांनी भागा, मग हजारानं भागा, 175 येतात. म्हणजे सांगली जिल्ह्याचे आठ आमदार मिळून 1,400. उत्तर प्रदेशचा एक आमदार 208चा, सिक्कीमचा सातचा. आकडा अजून 1971चाच धरतात, कारण ताजा धरला तर लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं वजन घटेल. विधान परिषदेच्या आमदारांना यात मतच नाही. तुमचे आमदार परिषदेतले असतील, तर 175 सोडा, शून्य.