फक्त गॅमा-रे पाहून रिझर्व्हॉयर ठरवू नकोस

पेट्रेल या भूगर्भ-मॉडेलिंग सॉफ्टवेअरच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘गॅमा-रे ७५ पेक्षा कमी असेल तर १, नाहीतर ०’ असं एका ओळीत लिहिता येतं (गॅमा-रे म्हणजे विहिरीत मोजलेला खडकाचा नैसर्गिक किरणोत्सर्ग, १ म्हणजे रिझर्व्हॉयर, म्हणजे तेल देऊ शकणारा खडक), म्हणून तिथेच थांबायचा मोह होतो. वाळूखडक आणि शेल (चिकणमातीचा खडक, त्याचा गॅमा-रे जास्त) असतील तर ते बऱ्यापैकी चालतंही. पण मुंबई हायसारख्या चुनखडकात तेवढ्यावर अजिबात विसंबू नकोस. छिद्रं नसलेला घट्ट चुनखडकही गॅमा-रेवर तितकाच स्वच्छ, म्हणजे शेल नसलेला, दिसतो. त्यातून तेल मात्र येत नाही. शेलच्या प्रमाणासोबत सच्छिद्रतेची अट हवीच.

ती किती ठेवायची? दुसऱ्या प्रकल्पातला ८ टक्क्यांचा आकडा उचलू नकोस. कोअरच्या (विहिरीतून कापून काढलेल्या खडकाच्या) नमुन्यांवरून सच्छिद्रता आणि पारगम्यतेचा (द्रव वाहू देण्याच्या क्षमतेचा) क्रॉसप्लॉट, म्हणजे एकमेकांविरुद्धचा आलेख, काढ, पारगम्यता कुठे कोसळते ते बघ. त्याआधी कॅलिपर (विहिरीच्या व्यासाची नोंद) तपास: विहिरीची भिंत ढासळलीय तिथे डेन्सिटी लॉग (खडकाच्या घनतेची नोंद) कमी वाचतो आणि शेलसुद्धा सच्छिद्र वाटतो. अशा जागा, आणि जिथे लॉगच नाही त्याही, ० मध्ये ढकलू नकोस, रिकाम्याच ठेव. मग टेस्टिंगमध्ये जिथून तेल आलं ते पट्टे १ मध्ये आलेत का ते पडताळ. नसतील तर अट बदल.