वाचकांचे प्रश्न: '1984' मधलं जग आलं कुठनं?

प्रश्न: सर, खानापुरात आमचा वाचणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे, सध्या जॉर्ज ऑर्वेलची '1984' ही कादंबरी चालू आहे, सरकार प्रत्येकावर पाळत ठेवतं त्या जगाची. एवढं भयाण सगळं त्याला सुचलं कसं ओ? – एक वाचक, खानापूर

उत्तर: निव्वळ कल्पना नाही ओ ती. ऑर्वेल 1903 साली बिहारात मोतिहारीला जन्मला, पुढं ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलिसात होता, म्हणजे सत्ता आतनं कशी चालते ते वर्दी घालूनच बघितलेलं. पण खरा घाव बसला स्पेनच्या यादवीत. 1937 मध्ये बंडखोर जनरल फ्रँकोविरुद्ध लढताना गळ्यातनं गोळी आरपार गेली, वाचला, आणि मग स्टॅलिनच्या बाजूच्या लोकांनी त्याच्याच साथीदारांना फॅसिस्टांचे हस्तक ठरवून तुरुंगात टाकलं, हा बायकोसोबत कसाबसा निसटला. जिथं लढाईच झाली नाही तिथल्या लढायांच्या बातम्या त्यानं पेपरात वाचल्या. कादंबरीचा नायक विन्स्टन सरकारच्या सोयीनं जुन्या पेपरातला मजकूर बदलत बसतो ना, त्याचं मूळ इथं आहे.

रशियात तर तेव्हा हेच चाललेलं. मॉस्को कालव्याच्या काठावर स्टॅलिनशेजारी येझोव्ह उभा आहे तो फोटो नेटवर शोधून बघाच. हा गुप्त पोलिसांचा प्रमुख, 1940 मध्ये त्यालाच गोळी घातली आणि नंतरच्या फोटोत त्याच्या जागी नुसतं पाणी. मला कादंबरीपेक्षा हा फोटो जास्त हादरवतो. कादंबरीत विन्स्टनला छळून मान्य करायला लावतात ते 'दोन अधिक दोन पाच' सुद्धा सोव्हिएत पोस्टरवर होतं, पंचवार्षिक योजना चार वर्षांत उरकायची म्हणून.

स्कॉटलंडच्या जुरा बेटावर टीबीनं खंगत त्यानं पुस्तक पुरं केलं, जून 1949 ला छापून आलं, जानेवारी 1950 मध्ये तो गेला. ग्रुपमध्ये पुढचं पुस्तक त्याचंच 'होमेज टू कॅटलोनिया' घ्या, स्पेनचं सगळं त्यात आहे.