‘ट्रायल’ लिहिलेला पौंड आणि पारोळ्याची मेथी

अमळनेर : मावसभाऊ लंडनहून बारा कडांची चकती घेऊन आला. दिसते पौंडासारखी, पण वर ‘ट्रायल’ लिहिलंय. खोटं नाणं आहे का?

खोटं नाही, आणि नाणंही नाही. गोल पौंडात बनावट फार झाले म्हणून ब्रिटनने 28 मार्च 2017 ला बारा कडांचा, दोन धातूंचा पौंड काढला. वजन 9.5 ग्रॅमवरून 8.75 वर आलं. पार्किंगची, तिकिटांची यंत्रं नव्या नाण्यासाठी आधीच जुळवून घेता यावीत, म्हणून या चकत्या दिल्या गेल्या. त्यावर चहाही मिळणार नाही. फक्त चिंच लावून घासू नका. घासलेल्या तुकड्याला संग्राहक नाक मुरडतात.

भुसावळ : फलाटावरच्या वजनाच्या मशीनला नाण्याचा धातू कुठे कळायचा? मग आताच एवढं काय अडतं?

ते मशीन भोळं होतं. (वॉशर टाकून कुणी वजन केलं, ते विचारू नका.) आताच्या यंत्रात नाणं तारेच्या वेटोळ्याजवळून घरंगळतं. वेटोळ्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे नाण्यात वीजप्रवाह उठतो. तो किती, हे धातूवर आणि जाडीवर ठरतं. नोंदवलेल्या मर्यादेत बसलं तर ठीक, नाहीतर नाणं खाली परत. म्हणजे डोळ्याला हुबेहूब वाटणारं नाणंही यंत्र नाकारू शकतं.

कॅनडाने एप्रिल 2012 मध्ये एक डॉलरचं नाणं मुलामा दिलेल्या पोलादाचं केलं. वजन 7 ग्रॅमवरून 6.27 वर आलं आणि यंत्रं नव्याने जुळवावी लागली. अमेरिकेची 1965 ची युक्ती मला जास्त आवडते. चांदीचा तुटवडा होता, तेव्हा तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचे पत्रे चढवले. गाभ्यातल्या तांब्यामुळे जुन्या यंत्रांना ते चांदीच्या नाण्यासारखंच भासलं!

धुळे : मार्था वॉशिंग्टनचं 1759 सालचं नाणं पाहिलं. अमेरिका तर 1776 ची ना?

ते 1965 मध्ये चांदीऐवजी नवा धातू निवडताना पाडलेल्या चाचणीच्या नाण्यांपैकी. खऱ्या नाण्याशी गल्लत नको म्हणून चित्र वेगळं, साल वेगळं. 1759 हे मार्थाच्या जॉर्ज वॉशिंग्टनशी, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांशी, झालेल्या लग्नाचं वर्ष.

पारोळा : बाजारात दहाचं नाणं दिलं की ‘हाई चालत नही’ म्हणतात. तेही ट्रायलचं का?

नाही हो, चलनातलंच आहे. तोवर निघालेले 14 ही नमुने वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच सांगितलंय. ते पत्रक मोबाइलवर दाखवा. मला दोनदा उपयोग झाला. तिसऱ्यांदा मेथीची जुडी परत ठेवून आलो.