बैलाला हक्क असतो का?

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला राहणाऱ्या एका आईचे पत्र आले आहे. साताऱ्याजवळच्या गावाहून तिचे सासरे तीन महिन्यांसाठी आले आहेत. एका संध्याकाळी त्यांनी चौदा वर्षांच्या नातीला मोबाइलवर गावच्या बैलगाडी शर्यतीचा व्हिडिओ कौतुकाने दाखवला. नातीने तो मध्येच थांबवला. पडद्यावर बैलाच्या तोंडाला फेस आलेला होता, डोळे विस्फारलेले होते आणि गाडीवानाच्या मुठीत शेपटी पिळलेली दिसत होती. "माणसाला असं केलं तर पोलीस येतात, मग बैलाला तेच संरक्षण का नाही?" असे तिने विचारले. आजोबा काही न बोलता उठून गेले आणि तेव्हापासून दोघांत कामापुरतेच बोलणे आहे. "मुलीला गप्प बसवू की मामंजींना समजावू?" असे या आईने विचारले आहे.

ताई, यांतले काहीच करू नका. मुलीचा प्रश्न उद्धटपणाचा नाही, आणि तो 'इकडचे वारे लागल्याचा' तर मुळीच नाही. ती ज्या शहरात वाढते आहे, तिथे हा प्रश्न थेट मतदानाला गेला होता. माकडे, चिंपांझी, गोरिला अशा प्राण्यांना जगण्याचा आणि शारीरिक व मानसिक इजेपासून मुक्त राहण्याचा मूलभूत हक्क बाझेल-श्टाट कॅन्टनच्या (तिथल्या राज्याच्या) घटनेत लिहावा का, असे फेब्रुवारी 2022 मध्ये मतदारांना विचारले गेले आणि सुमारे 75 टक्के मतदारांनी 'नाही' म्हटले. मात्र त्याच देशाच्या नागरी कायद्यात 2003 पासून 'प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत' असे लिहिलेले आहे, आणि 2008 च्या नियमांनुसार गिनीपिग एकटा पाळता येत नाही, कारण तो कळपात राहणारा जीव आहे. समान हक्क नाकारणारा समाज एका एवढ्याशा जिवाचे एकटेपण कायद्याने ओळखतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आजोबांच्या बाजूनेही इतिहास आहे आणि तो मुलीला ठाऊक असायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यती थांबवताना प्राण्याच्या जगण्यालाही प्रतिष्ठा असल्याचे सांगितले. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना अटींसह वाट काढून दिली आणि मे 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. प्राण्यांना मूलभूत हक्क मान्य केल्याचा दाखला आपल्या देशात नाही, असेही त्या पीठाने नमूद केले. शर्यती बंद असतानाच्या वर्षांत तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसांना आपल्यावर क्रूरपणाचा शिक्का बसल्यासारखे वाटले. शर्यतच नसेल तर ट्रॅक्टरच्या दिवसांत खिल्लार बैल कोण पाळणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. बेंदराला ज्या हाताने बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळले, त्याच हाताकडे नात संशयाने पाहते आहे, ही त्यांची खरी जखम आहे.

माझे मत विचाराल तर प्राण्यांना माणसासारखेच सगळे हक्क देणे मला पटत नाही, कारण मतदान, करार किंवा शिक्षण यांचा बैलाला काही उपयोग नाही. पण 'कर्तव्य नाही म्हणून हक्क नाही' हा युक्तिवादही टिकत नाही, कारण तान्ह्या बाळालाही कर्तव्य नसते आणि तरी त्याच्या अंगावर हात टाकणारा गुन्हेगारच ठरतो. वेदना न होण्याचा हक्क मात्र मी बैलाला पुरता देईन. एकनाथांनी काशीहून आणलेल्या कावडीतले पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजल्याची कथा आपण मुलांना सांगतो, पण ती दयेची कथा आहे, आणि ज्या गाढवाच्या वाटेवर कोणी नाथ येणार नाही त्याचे काय, याचे उत्तर दयेपाशी नसते; तिथे कायदाच लागतो. आपल्याकडचा 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मात्र प्राण्याला मारहाण केल्याच्या पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड सांगतो. एवढ्या दंडाला संरक्षण म्हणायला माझे मन धजत नाही. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे नातीला जरूर सांगा.

घरात करायचे ते असे, की दोघांना समोरासमोर बसवून निवाडा करू नका. मुलीला आजोबांकडे न्यायाधीशासारखे नव्हे, तर विद्यार्थिनीसारखे जाऊ द्या: बैल पराणीशिवाय पळतो का, तो दमला हे कशावरून कळते, शेपटी का पिळतात. ज्याने आयुष्यभर जनावर सांभाळले त्याच्याकडे या प्रश्नांची खरी उत्तरे असतात, आणि ती देताना शेपटी पिळणे त्यांना स्वतःलाच खटकण्याची शक्यता मी नाकारत नाही. उद्या तिने मटण खायचे नाही असे ठरवले, तर तिच्यासाठी वेगळी भाजी करा, पण आजोबांच्या ताटावर बोलण्याची मुभा मात्र तिला देऊ नका.

गावाकडून पुढच्या शर्यतीचा व्हिडिओ आला, की तो दोघांना एकत्र पाहू द्या, आणि या वेळी तो कुठे थांबवायचा हे आजोबांना ठरवू द्या.